ॲटम टॅबलेटवर डेबियन: तिसऱ्या रविवारची नोंद

अखेर टॅबलेटवर डेबियनचा (ही लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) डेस्कटॉप दिसला! कुशीवर झोपलेला होता, पण दिसला.

टॅबलेट आठ इंची, २०१५चा. ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (आतच जोडलेलं स्टोरेज). विंडोज १० च्या अपडेटला जागाच पुरेना, म्हणून भावाने भंगारात काढला आणि मी उचलला.

पहिले दोन रविवार एकाच भानगडीत गेले. प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय (टॅबलेट चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) ३२ बिटचं. नेहमीचा ६४ बिटवाला पेनड्राइव्ह लावला की हा पठ्ठ्या तिकडे ढुंकूनही बघत नाही. एरर नाही, काही नाही, सरळ विंडोज उघडतो. पेनड्राइव्हच खराब समजून मी तीन बदलले. खरी गोम एका फाइलची: ईएफआय फोल्डरच्या आतल्या बूट फोल्डरमध्ये ‘बूटआयए३२.ईएफआय’ असावी लागते. लोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, तेवढा ३२ बिटचा; पुढे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, खुशाल ६४ बिटचा चालतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) बंद केलं आणि डेबियन १२ चा इन्स्टॉलर सुरू झाला.

आता दुसरी रड. मायक्रो-यूएसबी पोर्ट एकच. त्यात ओटीजी हब (टॅबलेटला यूएसबी उपकरणं जोडायचा जोड), हबला पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड. म्हणजे चार्जिंग बंद. बॅटरी ७१ टक्के असताना बसलो, संपलं तेव्हा २३. पॅकेजं उतरताना मी स्क्रीनपेक्षा घड्याळच जास्त पाहत होतो. वाय-फायची चिप रिअलटेक ८७२३बीएस. तिचा ड्रायव्हर २०१७ पासून, म्हणजे ४.१२ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे आणि फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आता डेबियनच्या इन्स्टॉलरसोबतच येतं. तिने काही त्रास दिला नाही.

टचने मात्र घाम काढला. टचची चिप सिलीड कंपनीची. तिच्यात स्वतःचं फर्मवेअर साठत नाही, दर वेळी चालू करताना ते भरवावं लागतं आणि प्रत्येक मॉडेलचं वेगळं. विंडोज पुसण्याआधी ड्रायव्हरचं फोल्डर कॉपी करून ठेवलं होतं, त्यातून ते काढलं. (तुम्ही करणार असाल तर हे आधी करा, नंतर हळहळ नको.) टच जिवंत झाला, पण उलटा: वर डावीकडचा मेनू उघडायला खाली उजवीकडे टिचकी! स्क्रीन फिरवणं एका कमांडचं काम होतं. टचसाठी एक्सइनपुटला (टच, माउस यांची सेटिंग बदलणारी कमांड) नऊ आकड्यांचं मॅट्रिक्स द्यावं लागलं; बोट कुठे टेकलं ते स्क्रीनवर कुठे धरायचं, हे त्यातून ठरतं. ‘-१ ० १ ० -१ १ ० ० १’ ने जमलं.

सध्या एक्सएफसीई (हलकाफुलका डेस्कटॉप) आणि झेडरॅमवर (रॅममधला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) गाडी चालतेय. फायरफॉक्सचे तीन टॅब उघडले तर ठीक, चौथ्याला धाप लागते. पीडीएफ वाचायला आणि घरातल्या रास्पबेरी पायवर (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) एसएसएच करायला, म्हणजे नेटवर्कवरून त्यात शिरून कमांड द्यायला, झकास. हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकर मुका आहे. पुढचा रविवार त्याचा. कॅमेऱ्याचा नाद मी सोडलाय.

या जातीच्या टॅबलेटवर ओटीजी चालू ठेवून चार्जिंग कुणाला जमलंय का? कुठला हब वापरलात तेवढं सांगा.