भिंतीवरची लहान मुलांची सतार

घरी आलेला माणूस चपला काढतो, खुर्चीत टेकतो, पाणी पितो आणि मग त्याची नजर भिंतीवर जाते. तिथं अडीच वीत लांबीचं एक तंतुवाद्य टांगलंय. ‘काका, ही लहान मुलांची सतार का?’ सतार नव्हे, ग्रीसचं वाद्य आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे ग्रीकांचं पारंपरिक वाद्य?’ इतकी वर्षं मी ‘हो’ म्हणून वेळ मारून नेली, कारण तोवर चहा येतो. परवा भाचीच्या मुलीनं मात्र चहा संपल्यावरही प्रश्न सोडला नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगतो.

माझं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, त्यातला बराच काळ ग्रीक मालकांच्या जहाजांवर. रत्नागिरीकडच्या पुष्कळ घरांत असा एखादा माणूस निघेल. पिरेयस हे अथेन्सचं बंदर, आणि त्याला लागूनच पेरामाला जहाजदुरुस्तीच्या गोद्या. एका उन्हाळ्यात आमचं जहाज तिथं पाच आठवडे अडकलं. आमचा चीफ इंजिनिअर क्रीट बेटावरचा. संध्याकाळी तो मला एका तळघरवजा खानावळीत घेऊन जायचा. हे वाद्य मी तिथल्याच एका दुकानातून घेतलं.

याचं नाव बगलामास. बुझुकी, म्हणजे ग्रीकांचं लांब मानेचं तंतुवाद्य, तुम्ही ऐकली असेल, तिचं हे पिल्लू. तारांच्या तीन जोड्या, पाश्चात्य स्वरांच्या नावांनी रे-ला-रे अशा लावलेल्या. आपल्या हिशेबानं सा-प-सा, म्हणून कानाला लगेच ओळखीची वाटते. मोठ्या बुझुकीपेक्षा एक सप्तक वर. पूर्वी याची तुंबी भोपळ्याची किंवा कासवाच्या कवचाचीही करत. आणि आकार लहान असण्याचा मोठा उपयोग होता: कोटाखाली मावायचं. १९३६ साली ग्रीसमध्ये मेटाक्सासची हुकूमशाही आली, गाण्यांवर सेन्सॉर बसला, बुझुकीवाल्यांमागे पोलीस लागले. बुझुकी लपवता येत नाही. हे येतं.

एवढा राग कशाचा? तर या वाद्याची संगत वाईट होती. १९२२ साली ग्रीक सैन्य तुर्कस्तानात हरलं, स्मिर्ना शहर जळालं, आणि पुढच्या वर्षीच्या करारानं दोन्ही देशांनी धर्म बघून माणसांची अदलाबदल केली. जेमतेम पन्नास लाख वस्तीच्या ग्रीसमध्ये सुमारे बारा लाख निर्वासित येऊन पडले. पिरेयसच्या आजूबाजूला त्यांच्या झोपड्या उठल्या. ते येताना आपले सूर घेऊन आले होते. तिथले गवई सुरावटीला ‘द्रोमोस’ म्हणतात, म्हणजे रस्ता. आणि त्या रस्त्यांची नावं ऐका, तुर्की-अरबी संगीतातलीच: रास्त, उसाक, हिजाझ. गाण्याआधी तालाशिवाय सूर फिरवतात, त्याला ‘तक्सिमी’ म्हणतात. आलापच तो. बंदरातले हमाल, गांजाचे अड्डे, तुरुंग आणि हे निर्वासित यांच्यातून जे गाणं निघालं त्याला रेबेतिको म्हणतात. त्यातला सगळ्यात मोठा माणूस मार्कोस वामवाकारिस. सीरोस बेटावरून आलेला हा पोरगा पिरेयसच्या धक्क्यावर कोळसा वाहायचा, पुढे कत्तलखान्यात कातडी सोलायचा. इंजिनवाल्यांना कोळशाचं नातं जरा जास्त कळतं, म्हणून मला तो जवळचा वाटतो.

घरंदाज ग्रीक माणूस तेव्हा बुझुकीचं नाव घरात काढू देत नसे. आपल्याकडे एके काळी तमाशाचं काढू देत नसत, तसंच. तीच बुझुकी पुढे चकचकीत हॉटेलांत गेली. १९५० च्या दशकात मानोलिस हिओतिसनं तिला तारांची चौथी जोडी बसवून घेतली. १९६४ साली ‘झोर्बा द ग्रीक’ हा चित्रपट आला आणि जगभर ग्रीस म्हणजे बुझुकी असं होऊन बसलं. त्यातला तो खांद्यावर हात टाकून केलेला ‘प्राचीन’ नाच, सिर्ताकी, त्या चित्रपटासाठीच जुन्या नाचाच्या संथ आणि जलद चाली जोडून बसवलेला आहे. २०१७ मध्ये रेबेतिको युनेस्कोच्या यादीतही आलं. पोलीस ज्याच्या मागे लागत, तोच वारसा. यावर मी काही बोलत नाही.

चीफला मी एकदा विचारलं, बुझुकी हेच तुमचं वाद्य ना? तो म्हणाला, ‘ते पिरेयसच्या लोकांचं. आमचं लायरा.’ मग १५ ऑगस्टला (आपला झेंडावंदनाचा दिवस, त्यांच्याकडे देवमातेचा मोठा सण) त्यानं मला रात्रीच्या बोटीनं क्रीटला नेलं. डोंगराखालचं गाव, देवळापुढे पटांगण, लांबलचक टेबलं. याला ते ‘पानिगिरी’ म्हणतात. मी त्याला जत्रा म्हणतो, कारण दुसरा शब्दच नाही. मटणाच्या रश्श्यात शिजवलेला भात वाढला, तेव्हा परदेशात पहिल्यांदा मी पोटभर जेवलो असेन.

लायरा मांडीवर उभी धरतात. तीन तारा, गजानं वाजवायची. पण तार वरून दाबत नाहीत, नखानं बाजूनं रोखतात. आपले सारंगीये हेच करतात! पूर्वी गजाला घुंगरं बांधत, म्हणजे ताल आपोआप मिळे. शेजारी लाऊतो नावाचं लांब मानेचं वाद्य ठेका धरतं. मधूनच कुणीतरी उठून पंधरा-पंधरा अक्षरांच्या दोन ओळी म्हणतं, यमक जुळवून, आणि समोरचा तशाच दोन ओळींत उत्तर देतो. याच बेटावर रॉस डेली नावाचा आयरिश वंशाचा वादक येऊन राहिला. हुदेत्सी गावात त्यानं वाद्यांचं संग्रहालय केलं, आणि भारतीय वाद्यं बघून लायराला चक्क तरफेच्या तारा बसवल्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा. उत्तर ग्रीसमध्ये गेलात तर लग्नात झुर्ना आणि दाऊली वाजते, म्हणजे सनईच्या कुळातलं दुहेरी पत्तीचं वाद्य आणि खांद्याला अडकवलेला ढोल, एका तोंडावर जाड टिपरू आणि दुसऱ्यावर बारीक काठी. आणि कालामातियानोस नाचाचा ताल बोटांवर मोजलात तर तीन-दोन-दोन. रूपक. भजनात पखवाज वाजवलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही.

वाद्यांचं एवढं. पण माझी खरी फजिती झाली ती रिवाजांत, पिरेयसच्या त्याच खानावळीत. एक वयस्कर माणूस उठला, वादकांना आपलं गाणं सांगितलं आणि नाचू लागला. झेइबेकिको. नऊ मात्रांचा जड ताल, हात पसरलेले, नजर जमिनीवर. मित्र भोवती गुडघ्यावर बसून टाळ्या देत होते. मला वाटलं, आपण शिमग्यात नाचतो, इथं काय अडलं? उठलो. चीफनं पट्टा धरून मागे खेचलं. ‘बस. नाच त्याचा आहे.’ हा नाच एकट्यानं नाचायचा, स्वतःच्या दुःखाशी. सांगून घेतलेल्या गाण्यावर दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. १९७३ साली अथेन्सच्या एका क्लबात याच कारणावरून निकोस कोएम्जिस नावाच्या माणसानं तीन पोलिसांना भोसकून मारलं होतं; त्याच्या भावानं सांगितलेल्या गाण्यावर दुसरेच नाचायला उठले होते. ते ऐकून मी नंतरचे तीन तास हलायचं नाव काढलं नाही.

बिल द्यायला गेलो तर ते आधीच कुणीतरी चुकतं केलेलं. कुणी, ते सांगेनात. उलट मी पैसे काढले याचाच राग आला. वादकांवर नोटा उधळतात, ते बघून मात्र दौलतजादा आठवला. आणि हो, ग्रीक लोक गाण्याच्या भरात ताटं फोडतात असं तुम्ही ऐकलं असेल, तर आता फोडत नाहीत. लष्करी राजवटीनं १९६९ साली त्यावर बंदी घातली, आता फुलं फेकतात. (हा प्रश्न नंबर दोन आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

तर, पारंपरिक का? बगलामास माझ्या आजोबांच्या पिढीत पोलिसांना चुकवत फिरत होतं. त्याला पारंपरिक म्हणताना माझी जीभ अडखळते. लायराला म्हणेन. आणि ‘नाच त्याचा आहे’ हे तर नक्कीच म्हणेन.

पावसाळ्यात तारा गंजतात. मध्यंतरी मिरजेला गेलो तेव्हा एका सतारवाल्याकडून नव्या चढवून घेतल्या. त्यानं सा-प-सा लावून दोनदा छेडलं, म्हणाला, ‘गळा गोड आहे, पण तरफा का नाहीत?’ मी त्याला हुदेत्सीचं सांगितलं. ‘मग बरोबर,’ म्हणाला, आणि तारांचेच पैसे घेतले, मजुरी नाही.

भाचीच्या मुलीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आता वाजवून दाखवा.’ मला फक्त जुळवता येतं. तेवढं दाखवलं.