मे महिन्यात आमच्याकडे यायचं म्हणता?

दर शनिवारी दुपारी बारा वाजता इथे अमेरिकेत, ओक्लाहोमा सिटीच्या परिसरात भोंगे वाजतात. टोर्नॅडोच्या, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या प्रचंड वावटळीच्या, इशाऱ्याची ही चाचणी. नवीन होते तेव्हा तो आवाज ऐकून हातातलं काम टाकून खिडकीशी धावले होते. आता भोंगा ऐकला की बारा वाजले एवढंच कळतं.

परवा वहिनी फोनवर म्हणाली, "मुलांना मे महिन्यात सुट्टी आहे, तेव्हाच येतो." क्षणभर मला काही बोलवेना, कारण इथला मे म्हणजे ऐन टोर्नॅडोचा काळ. आमच्या शेजारच्या मूर गावावर ३ मे १९९९ला टोर्नॅडो आला, पुन्हा २० मे २०१३ला आला. दुसरा भर दुपारी, मुलं शाळेत असताना. एका प्राथमिक शाळेत सात मुलं गेली. त्या रस्त्यावरून जाताना अजूनही मी गाडीतला रेडिओ बंद करते.

टोर्नॅडो इथेच का? मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा येते, पश्चिमेकडून कोरडी. मध्ये आडवा डोंगर नाही. त्यात वर जावं तसा वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत गेली की ढगच फिरू लागतो. दिवसभर जमीन तापलेली असते, म्हणून दुपारी चार ते रात्री नऊ ही वेळ सगळ्यात जपायची. हा मोसम एका जागी थांबत नाही. वसंताच्या सुरुवातीला आखाताकाठची राज्यं, मे आणि जूनच्या आरंभी टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, मग जून-जुलैत उत्तरेला डकोटा, मिनेसोटा. देशभरात वर्षाला सुमारे १,२०० टोर्नॅडो होतात.

मला मात्र जास्त भीती वाटते ती अलाबामा, मिसिसिपी, टेनेसीकडच्या रात्रीच्या टोर्नॅडोंची. झाडी दाट, त्यात अंधार, येताना दिसतच नाही, आणि माणसं झोपेत. केंटकीतलं मेफिल्ड तर १० डिसेंबर २०२१च्या रात्री उद्ध्वस्त झालं. डिसेंबरात!

वहिनीला म्हटलं, या. इशारे दोन. 'वॉच' म्हणजे टोर्नॅडो होईल अशी हवा आहे, लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे लगेच आत. आमच्या गॅरेजच्या फरशीखाली लोखंडी तळघर आहे, वर सरकतं झाकण. आत पाणी, टॉर्च आणि प्रत्येकाचे बूट ठेवलेत, कारण बाहेर पडताना पायाखाली काचा नि खिळे असतात. दोन्ही मुलांच्या डोक्याचं माप मागवलंय, हेल्मेट आणून ठेवायचीत.