ऑफिसच्या राऊटरवर वायरगार्ड: बाहेरून न लागणारं व्हीपीएन चालू करण्याचा माझा अनुभव

पुण्यातलं एक सीए ऑफिस. टॅलीचं मशीन आणि शेअर केलेली फोल्डरं ऑफिसात, आणि काम करणारी निम्मी माणसं घरून बसणारी. इंटरनेट फायबरचं. भिंतीवर इंटरनेट कंपनीने लावलेला डबा, म्हणजे ओएनटी, आणि त्याच्या मागे ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकलेला ऑफिसचा स्वतःचा राऊटर. या राऊटरवर मी वायरगार्ड बसवलं, म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटमधून सुरक्षित बोगदा काढणारं व्हीपीएन. किल्ल्या (प्रत्येक मशीनची ओळख पटवणारी, एक गुप्त आणि एक पब्लिक अशी जोडी) तयार करणं आणि कॉन्फिगरेशन लिहिणं हा भाग पटकन उरकतो. खरं काम सुरू होतं ते घरच्या लॅपटॉपवरून पहिल्यांदा बटण दाबलं जातं तेव्हा.

वायरगार्डच्या ॲपमध्ये ‘ॲक्टिव्ह’ दिसलं म्हणजे व्हीपीएन लागलं, असं समजू नका. त्याचा अर्थ फक्त एवढाच की लॅपटॉपवर बोगद्याचं अलीकडचं तोंड उघडलं. पलीकडे कोणी आहे की नाही, हे ‘लेटेस्ट हँडशेक’ (दोन्ही टोकांची शेवटची ओळख कधी पटली) ही ओळ आणि पाठवलेल्या-आलेल्या बाइट्सचे आकडे सांगतात. हँडशेकची ओळच नसेल आणि आलेले बाइट शून्य असतील, तर पॅकेट, म्हणजे पाठवलेला डेटाचा तुकडा, वाटेत मरतंय किंवा ऑफिसचा राऊटर त्याला उत्तर देत नाही. हँडशेक झालाय पण काहीच उघडत नाही, तर घोळ पत्त्यांचा किंवा फायरवॉलचा. उघडतं पण मध्येच थिजतं, तर पॅकेटच्या आकाराचा. या तिन्हींची कारणं पूर्ण वेगळी आहेत. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे मी या आकड्यांवरून ठरवतो. एका वेळी चार सेटिंग बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

पहिली अवस्था सर्वांत जास्त वेळ खाते, कारण वायरगार्ड मुद्दाम गप्प राहतं. किल्ली जुळली नाही तर ते ‘चूक आहे’ असंही उत्तर पाठवत नाही. सुरक्षेसाठी हे उत्तम आहे, पण दुरुस्ती करणाऱ्याला बाहेरून बंद पोर्ट (राऊटरचा क्रमांक दिलेला दरवाजा) आणि चुकीची किल्ली या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. क्लायंटच्या, म्हणजे घरच्या लॅपटॉपच्या, लॉगमध्ये दर ५ सेकंदांनी हँडशेक पूर्ण झाला नाही, पुन्हा प्रयत्न, एवढंच येत राहतं.

इथे सगळ्यात आधी ऑफिसला खरोखर सार्वजनिक आयपी पत्ता मिळालाय का ते बघावं. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघायचा आणि ‘माझा आयपी कोणता’ सांगणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवरच्या पत्त्याशी ताडायचा. दोन्ही एकच असतील तर रस्ता मोकळा. राऊटरचा वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ओएनटी स्वतःच राऊटरचं काम करतोय, म्हणजे दुहेरी नॅट (अनेक मशीन एका पत्त्यामागे ठेवण्याचं काम दोनदा) आहे. मग ओएनटीच्या पानावर जाऊन त्याचा वॅन पत्ता बघायचा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलंय, म्हणजे सीजीनॅट. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. तिथे १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी अर्थ तोच.

दुहेरी नॅटवर इलाज आपल्या हातात आहे. ओएनटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राऊटरचं काम न करता लाइन नुसती पुढे देणाऱ्या अवस्थेत, टाकायचा आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड आपल्या राऊटरमध्ये भरायचं. बहुतेक वेळा त्यासोबत व्हीलॅन क्रमांकही (लाइनवरच्या वाहतुकीला लावलेली खूण) लागतो. तो ओएनटीच्या वॅन पानावर असतो, म्हणून मोड बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. ब्रिज जमत नसेल तर ओएनटीवरून राऊटरच्या पत्त्याकडे वायरगार्डचं नेहमीचं पोर्ट, यूडीपी ५१८२०, फॉरवर्ड करायचं (यूडीपी आणि टीसीपी या पॅकेट पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती) आणि तो पत्ता ओएनटीमध्ये कायमचा राखून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन आली की राऊटरला दुसरा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंग हवेत राहतं.

सीजीनॅटवर मात्र पोर्ट फॉरवर्डिंगचा काहीही उपयोग नाही. पॅकेट ऑफिसपर्यंत येतच नाही, मग आपण डब्यात काहीही भरा. इथे तीनच वाटा आहेत. कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक, आयपी घ्यायचा. किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मोठी पद्धत; नेहमीची ती आयपीव्ही४) असेल तर त्यावरून जायचं. त्यासाठी ओएनटी आणि राऊटर दोन्हींच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पोर्ट उघडावं लागतं. किंवा मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन ऑफिस आणि घरं दोन्ही बाजूंनी त्याला जोडायची. ऑफिससाठी मी स्टॅटिक आयपीच सुचवतो. महिन्याचा खर्च वाढतो, पण बिघाडाच्या जागा कमी होतात.

पत्ता ठीक असेल तर पोर्ट. इंटरनेटवरच्या पोर्ट तपासणाऱ्या बहुतेक साइट टीसीपी तपासतात, आणि वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. त्यामुळे सगळं बरोबर असतानाही तिथे ‘क्लोज्ड’ दिसतं आणि माणूस चांगली सेटिंग मोडून बसतो. चाचणी नेहमी मोबाइल डेटावरून घ्यावी. ऑफिसच्याच वायफायवर बसून ऑफिसच्या सार्वजनिक पत्त्याला जोडायला गेलात तर अनेक राऊटर ते पॅकेट आत वळवत नाहीत.

मग राऊटरवर एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) शिरून वॅनच्या बाजूला टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, लावायचं आणि यूडीपी ५१८२० वर काय येतंय ते बघायचं. माझ्या मते याहून भरवशाची तपासणी दुसरी नाही, कारण वायरगार्डच्या पॅकेटची लांबी ठरलेली असते. हँडशेकची विनंती १४८ बाइटची, उत्तर ९२ बाइटचं आणि कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं रिकामं पॅकेट) ३२ बाइटचा. १४८ वालं येतच नसेल तर दोष राऊटरच्या बाहेर: सीजीनॅट, ओएनटी, किंवा क्लायंटमध्ये लिहिलेला चुकीचा पत्ता. १४८ येतंय पण ९२ जात नाही, तर दोष राऊटरच्या आत. टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं, म्हणून आधी फायरवॉलचा नियम बघावा. ओपनडब्ल्यूआरटीत इथे पोर्ट फॉरवर्ड लावायचा नसतो. पॅकेटचं ठिकाण राऊटर स्वतःच आहे, त्यामुळे वॅनकडून ‘या डिव्हाइस’कडे येणारं यूडीपी ५१८२० स्वीकारणारा ट्रॅफिक रूल हवा. तो असेल तर किल्ल्या: लॅपटॉपमध्ये राऊटरची पब्लिक की आणि राऊटरमध्ये लॅपटॉपची पब्लिक की. उलटसुलट होण्याचं प्रमाण फार. आणि १४८ येऊन ९२ जातही असेल, तरी दर ५ सेकंदांनी हीच जोडी पुन्हा दिसत असेल, तर उत्तर लॅपटॉपपर्यंत पोचत नाही किंवा प्रीशेअर्ड की (दोन्हीकडे सारखीच भरायची जादाची, ऐच्छिक किल्ली) जुळत नाही. ही किल्ली विनंतीत वापरली जात नाही, उत्तर बनवताना मिसळली जाते, म्हणून दोष तिथपर्यंत लपून राहतो.

हँडशेक झाला की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पण अजून फोल्डर उघडलेलं नसतं.

आपल्याकडे पुष्कळ घरच्या डब्यांचा अंतर्गत पट्टा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० असतो, आणि अनेकदा ऑफिसचाही तोच. टॅलीचं मशीन १९२.१६८.१.५० वर असेल तर लॅपटॉप त्याला घरातच शोधतो. बोगद्यात पॅकेट जातच नाही. यावर आडमार्ग आहेत, पण टिकाऊ उपाय एकच: ऑफिसचा पट्टा बदलणं. मी १०.४७.१२ सारखा सहसा कोणाच्या घरी नसणारा पट्टा घेतो. यात कष्ट राऊटरचे नसतात. प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, यांत हाताने भरलेले पत्ते एकेक करून बदलावे लागतात. त्याची यादी आधी करावी आणि काम सुट्टीच्या दिवशी काढावं.

‘अलाउड आयपीज’ या ओळीला दोन कामं असतात, हे नीट समजून घेतलं की निम्मे प्रश्न सुटतात. लॅपटॉपवर ती ‘कोणत्या पत्त्यांसाठी बोगदा वापरायचा’ हे ठरवते. तिथे ऑफिसचा पट्टा आणि व्हीपीएनचा पट्टा लिहायचा. राऊटरवर ती ‘या माणसाकडून कोणत्या पत्त्याचं पॅकेट स्वीकारायचं’ हे ठरवते. तिथे त्या लॅपटॉपचा एकच पत्ता, शेवटी ३२ लावून. दोन लॅपटॉपना राऊटरवर चुकून एकच पत्ता दिला तर जो नंतर नोंदवला जातो त्याच्याकडे तो पत्ता जातो आणि पहिला मुका होतो. एकच कॉन्फिगरेशन फाइल दोघांना वाटली तर आणखी विचित्र प्रकार घडतो: एक बोलला की दुसऱ्याचं बंद. राऊटर उत्तर शेवटी जिथून पॅकेट आलं तिथे पाठवतो. प्रत्येक मशीनला स्वतःची किल्ली, यात तडजोड नको.

वायरगार्ड मुख्य राऊटरवर नसून आतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर असेल तर परतीची वाटही शिकवावी लागते. मुख्य राऊटरमध्ये व्हीपीएनच्या पट्ट्यासाठी पायच्या पत्त्याकडे जाणारा स्टॅटिक रूट टाकायचा.

याच टप्प्यावर एक तक्रार हमखास येते: रिमोट डेस्कटॉप लागतो, पण शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही आणि पिंगलाही उत्तर नाही. व्हीपीएन ठीक आहे. विंडोज फायरवॉलमधले फाइल शेअरिंगचे नियम, ज्यात पिंगचाही आहे, प्रायव्हेट नेटवर्कवर मुळातच ‘लोकल सबनेट’पुरते असतात. व्हीपीएनहून येणारा लॅपटॉप दुसऱ्या पट्ट्यातला, म्हणून परका. त्या नियमाच्या ‘स्कोप’मध्ये व्हीपीएनचा पट्टा जोडायचा. फायरवॉल पूर्ण बंद करून ‘चाललं’ म्हणणारे भेटतात. ते करू नका. आणि पत्त्याने उघडतं पण नावाने नाही, असं असेल तर क्लायंटच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता कोणाला विचारायचा त्या ओळीत) ऑफिसच्या राऊटरचा पत्ता भरा.

आता थिजणारी अवस्था. फोल्डरची यादी दिसते, फाइल कॉपी करायला गेलं की अडकते. रिमोट डेस्कटॉप लागतो आणि काळा पडदा राहतो. छोटी पॅकेट जातात, मोठी गळतात. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर आयपीव्ही४ मध्ये ६० आणि आयपीव्ही६ मध्ये ८० बाइट चढवतं. १५०० मधून ८० वजा केले की त्याचा नेहमीचा १४२० हा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार, येतो. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून तिथे १४९२ उरतात. आयपीव्ही४ वरून गेलात तर १४२० अधिक ६०, म्हणजे १४८०, सहज मावतं. तीच लाइन आयपीव्ही६ वरून वापरली तर बरोबर १५०० होतात आणि अडकतं. तिथे एमटीयू १४१२ हवा. मोबाइल हॉटस्पॉटवर जागा आणखी कमी होऊ शकते, कारण काही नेटवर्क आयपीव्ही४ चं पॅकेट वाटेत आयपीव्ही६ मध्ये बदलतात आणि त्याचे २० बाइट वाढतात.

मोजायचं असेल तर व्हीपीएन बंद करून विंडोजच्या पिंगमध्ये तुकडे न करण्याचा एफ आणि आकाराचा एल हे पर्याय वापरा. आकड्यात २८ मिळवले की पूर्ण पॅकेट: १४६४ गेलं आणि १४६५ अडलं तर लाइन १४९२ ची. पण घाईत असताना मी सरळ क्लायंटचा एमटीयू १२८० करतो. त्याने थिजणं थांबलं तर दोष आकाराचाच, मग सावकाश वर चढवत जायचं. टीसीपीसाठी एका बाजूला कमी करणं पुरतं, कारण जोडणी करतानाच लॅपटॉप आपला मोठ्यात मोठा आकार समोरच्याला सांगतो.

लागतं, चालतं आणि काही वेळाने मरतं, याची कारणं बहुधा घरच्या बाजूची असतात. घरचा राऊटर यूडीपीची नोंद फार काळ ठेवत नाही. पुष्कळ ठिकाणी ३० सेकंद. नोंद पुसली की ऑफिसकडून येणारं पॅकेट घरात शिरू शकत नाही. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायचा. ऑफिसला डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्यासोबत अद्ययावत होणारं, नाव दिलं असेल तर वायरगार्ड ते नाव बोगदा उघडताना एकदाच विचारतं. ऑफिसची लाइन तुटून नवा पत्ता आला की लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. बंद करून चालू केलं की लागतं.

घरी किंवा शाखेतही राऊटरवरच वायरगार्ड असेल तर घड्याळ तपासा. हँडशेकच्या विनंतीत वेळेचा शिक्का असतो आणि ऑफिसचा राऊटर आधी पाहिलेल्या शिक्क्याहून जुना शिक्का नाकारतो. स्वस्त राऊटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे वीज जाऊन आली की वेळ मागे पडते आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत हँडशेक होत नाही. सगळी वाहतूक बोगद्यातून नेण्याची सेटिंग असेल तर ही गाठ सुटतच नाही: वेळ मिळवायला बोगदा हवा, बोगद्याला वेळ हवी. ऑफिसचा राऊटर रिस्टार्ट केला की चालू होतं, कारण जुन्या शिक्क्याची आठवण फक्त मेमरीत असते. खरा उपाय म्हणजे टाइम सर्व्हरची वाट बोगद्याबाहेर ठेवणं.

काही हॉटेलं आणि कॉलेजांचं वायफाय अनोळखी यूडीपी अडवतं. तिथे पोर्ट ४४३ करून बघावं. तरीही नाही लागलं तर ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर वेगळं ठेवावं लागतं.

या सगळ्यात वेळ जातो, आणि कोणीतरी म्हणतं, ‘तोवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ सरळ उघडून द्या.’ देऊ नका. ते पोर्ट शोधणारे बॉट इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात, आणि त्या मशीनवर अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत. तोवर माणसाला ऑफिसात बोलवा.

शेवटची तपासणी मी मोबाइल डेटावरून करतो: हँडशेक ताजा आहे, दोन्ही आकडे वाढतायत, मोठी पीडीएफ पूर्ण कॉपी होते, आणि लॅपटॉप तासभर नुसता पडून राहिल्यावरही फोल्डर लगेच उघडतं. मग राऊटरचा बॅकअप घेऊन ती फाइल पेनड्राइव्हवर ऑफिसच्या कपाटात ठेवतो.