पिंग पास, पॅकेट नापास

पावसाळ्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काहीही बिघडलं की खापर वीज खात्यावर. मासळीच्या एका कोल्ड स्टोरेजमधून तक्रार आली, की कंट्रोलरला नवीन तापमान पाठवलं तरी कधी कधी जुनंच राहतं. कंट्रोलरचा बोर्ड आमचा, आणि आमच्याकडेही तेच निदान झालं: लाइट खाली-वर होते, यूपीएस लावा. टेस्ट रिपोर्टवर इथरनेटपुढे, म्हणजे केबलच्या नेटवर्कपुढे, 'पास' होतं ना!

हा 'पास' मिळतो कसा? एसटीएम३२एच७४३ या मायक्रोकंट्रोलर चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड घ्यायचा, लॅपटॉपला थेट केबल जोडायची, जॅकवरचा दिवा लागला, पिंगला (नेटवर्कवरून 'आहेस का?' विचारणाऱ्या पॅकेटला) उत्तर आलं, सही करायची. तो दिवा लावते फाय चिप, केबलवरचे सिग्नल सांभाळणारी. मुख्य प्रोसेसर अडकून पडलेला असला तरी तो लुकलुकतो. आणि विंडोजचं पिंग दर वेळी तीच ३२ अक्षरं पाठवतं: ए ते डब्ल्यू, मग पुन्हा ए ते आय. मजकुरात मागचंच शिळं काही परत आलं तर कळणार कोणाला? त्यातून बोर्डावरचं नेटवर्क सॉफ्टवेअर, एलडब्ल्यूआयपी, पिंगचं पॅकेट आहे त्या जागीच पत्ते उलटवून परत धाडतं.

मी पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या. १०२४ बाइटचं यूडीपी पॅकेट, शेवटच्या चार बाइटमध्ये अनुक्रमांक. बोर्डाने तो वाचून सीरियल पोर्टवर छापायचा. पेडण्याचा आमचा ट्रेनी स्क्रीनसमोर बसला होता.

"दादा, पाच, सहा, सात... चार!"

मग नऊ, दहा, अकरा आणि परत चार. केबलवरची पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये मात्र प्रत्येक पॅकेट चोख. चेकसमही (मजकूर बिघडला का ते सांगणारा आकडा) बरोबर, कारण तो हार्डवेअर तपासतं, पॅकेट मेमरीत उतरण्याआधीच.

दर चौथं म्हटल्यावर मी बफर, म्हणजे आलेली पॅकेट उतरतात ते मेमरीतले कप्पे, मोजले. चारच होते, प्रत्येकी १५२४ बाइटचे, एकाला एक चिकटून. प्रोसेसर मेमरीतल्या डेटाची प्रत जवळ ठेवतो ती कॅशे; तिची ओळ ३२ बाइटची, आणि १५२४ ला ३२ ने भाग जात नाही. पहिला बफर ओळीच्या तोंडाशी सुरू होतो, दुसरा २० बाइट आत, तिसरा ८, चौथा २८. कॅशेतली जुनी प्रत रद्द करणारं आमच्या प्रोजेक्टमधलं फंक्शन जुनं. ते फक्त लांबी बघून ओळी मोजतं, सुरुवात कुठे आहे ते बघत नाही. पुढचे पत्त्यांचे हेडर धरून १०६६ बाइटची फ्रेम (अख्खं पॅकेट) चौथ्या बफरमध्ये आली की शेवटचे सहा बाइट त्याच्या हातून सुटतात. नवा डेटा मेमरीत येऊन पडलेला, आणि प्रोसेसर कॅशेतला जुनाच वाचतोय. कोल्ड स्टोरेजच्या पॅकेटमध्ये तापमान नेमकं शेवटी होतं.

बफर १५३६ बाइटचे केले, ३२ वर अलाइन केले, म्हणजे प्रत्येक ओळीच्या तोंडाशीच सुरू होईल असे, लायब्ररी बदलली. रात्रभर स्क्रिप्ट चालवली, एकही आकडा मागे गेला नाही. पावसात मधे लाइट दोनदा गेली, तेवढा खंड सोडून.

मला अजून खटकतंय ते वेगळंच. तापमान पॅकेटच्या मध्यावर असतं तर? शेवटी नुसती शून्यं भरलेली असती तर हाच कोड वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला असता. तसे किती बोर्ड आम्ही आधीच बाहेर पाठवलेत, त्याची यादी मी मागितली आहे. साहेब म्हणाले, "अरे, पण पिंग होत होतं ना?" टेस्ट रिपोर्टच्या फॉर्ममध्ये अजून तोच एक रकाना आहे.