घायपातीच्या बाटलीचं लेबल

दारूच्या बाटल्यांची लेबलं छपाईला जाण्याआधी नियमांत बसवून देणं हे माझं काम. गोव्यात ते बहुतेक वेळा अल्कोहोलची टक्केवारी, मिलिलिटर आणि वैधानिक इशाऱ्याच्या अक्षरांची उंची एवढ्यावर उरकतं. त्या दिवशी मात्र एका शब्दावर अख्खी दुपार गेली.

डिचोलीकडचे एक काका नवं डिझाइन घेऊन आले. काळ्या कागदावर सोनेरी अक्षरांत ‘इंडियन टकीला’, मागे ‘१०० टक्के ब्लू अगावे’. दुसरी ओळ मी लगेच खोडली. दख्खनच्या माळावरून ते आणतात ती घायपात म्हणजे अगावे अमेरिकाना. ब्लू अगावे ही जातच वेगळी. हे त्यांनी मान्य केलं. ‘टकीला’, म्हणजे ब्लू अगावेपासूनच्या मेक्सिकन दारूचं नाव, सोडायला मात्र तयार होईनात.

“मॅडम, पुढे इंडियन लिहिलंय ना? मग फसवणूक कुठे झाली?”

मेक्सिकोने १९७४ साली हे नाव राखीव केलं, मी सांगितलं. संपूर्ण हालिस्को राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामौलिपास इथले ठरावीक तालुके. त्याबाहेर टकीला होत नाही. आपल्याकडेही तिची जीआय नोंदणी आहे, म्हणजे भौगोलिक संकेत: ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव. पुढे ‘इंडियन’ लावून ती ओलांडता येत नाही. काका अडूनच.

मग मेझकालचं सांगितलं, मेक्सिकोतल्याच अगावेच्या दुसऱ्या दारूचं. त्या नावालाही अशीच हद्द आहे, ओआहाका वगैरे राज्यांची. हद्दीबाहेरचा मेक्सिकन माणूस मेझकालसारखेच अगावेचे गड्डे खड्ड्यात भाजून दारू गाळत असला, तरी बाटलीवर त्याला ‘देस्तिलादो दे अगावे’, म्हणजे अगावेची गाळलेली दारू, एवढंच लिहावं लागतं. मला हे त्याच्यावर अन्यायाचं वाटतं, आणि तसं मी बोललेही. पण त्याला स्वतःच्या देशात जे नाव लावता येत नाही, ते आपण इथे बसून कसं लावायचं?

काका म्हणाले, “म्हणजे आमच्या काजू फेणीसारखंच.” फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. त्यांच्या घरची भट्टी त्याच्या कितीतरी आधीची. वाद तिथेच मिटला.

समोर ‘अगावे स्पिरिट’ आलं, खाली ‘दख्खनच्या घायपातीपासून’. निघताना त्यांनी विचारलं, आपल्या घायपातीच्या दारूला जीआय मिळेल का? एकट्या कारखान्याला तो मागता येत नाही, उत्पादकांची संघटना लागते. घायपात पुरवणारे शेतकरी आणि आणखी कोण गाळतं त्यांची नावं घेऊन या म्हटलं, अर्जाचं मी बघते.