योसेमिटीत एकच दिवस आहे, कुठला ट्रेल करू?

मे महिना लागला की हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागतो. कुणाचा भाचा एमएसला आलेला असतो, कुणाचे आईबाबा पुण्याहून उन्हाळ्यापुरते आलेले असतात, कुणाला लाँग वीकएंडची कॅम्पसाइट लागलेली असते. "तू तर नेहमी जातोस. आमच्याकडे एकच दिवस आहे, पण भरपूर चालायचंय. कुठला ट्रेल करू?" सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून चारेक तास गाडी हाकली की योसेमिटी हे कॅलिफोर्नियातलं नॅशनल पार्क येतं आणि माझ्या डिकीत ट्रेकिंग पोल कायमचे पडलेले असतात, एवढ्या भांडवलावर मी जाणकार ठरलोय. दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगतो, ते आज सलग लिहून काढतो.

खरं तर विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेकदा ठरलेलंच असतं: हाफ डोम, तिथला तो अर्धा कापल्यासारखा ग्रॅनाइटचा डोंगर. त्याला माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी मात्र उलट विचारतो, "उतरणार कुठून, आणि किती वाजता?" लोकांना वाटतं, हा टाळतोय. पण दिवसभराची वाट निवडताना मी खरोखरच उताराकडून सुरुवात करतो. चढताना दम लागला तर पाच मिनिटं बसलं की उतरतो. गुडघा बोलायला लागला की बसून काही होत नाही. आणि तो बोलतो कधी, तर दुपारी चारनंतर, बाटलीत पाणी तळाला गेलेलं असताना, गाडी अजून चार मैल लांब असताना.

सह्याद्रीत वाढलेल्यांचं इथे थोडं फसतं. कळसूबाईची समुद्रसपाटीपासून उंची १,६४६ मीटर. योसेमिटी व्हॅलीच्या तळापासून हाफ डोमच्या माथ्यापर्यंतचा नुसता चढ जवळपास १,४६० मीटर, म्हणजे ४,८०० फूट. तेवढंच खाली यायचं, तेही त्याच दिवशी. शिवाय कळसूबाईच्या वाटेवर लिंबू सरबत मिळतं, पायथ्याच्या गावात कुणा मामांकडे पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते, वाट चुकली तर गुराखी हाक मारतो. इथे वर काहीही विकत मिळत नाही. फोनलाही बहुतेक ठिकाणी रेंज नसते. वाट मात्र आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी सोपी, आखीव, दगडी बांधलेली. चुकायला कौशल्य लागेल. कातळ ग्रॅनाइटचा, बुटांना छान पकडतो. पण त्यावर बारीक वाळू पसरलेली असली की आपल्या घसाऱ्याची आठवण येते, आणि ती वाळूसुद्धा उतरतानाच नडते.

वेळेचा अंदाज घ्यायला मी एक जुना हिशेब वापरतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाला वरून एक तास. हाफ डोमची जाऊन-येऊन वाट १४ ते १६ मैलांची, कुठून जाता त्यावर. सोळा धरले तर सव्वापाच तास, चढाचे जवळजवळ अडीच, मिळून पावणेआठ. मग मी त्याची दीडपट करतो, कारण नेस्मिथच्या हिशेबात फोटो, डबा, "जरा थांब, लेस सुटलीय" हे काहीच नाही. झाले साडेअकरा-बारा तास. पार्कवाले स्वतः दहा ते बारा तास सांगतात, म्हणजे दीडपट काही भित्रेपणाची नाही. गंमत अशी की नेस्मिथने उताराला एक मिनिटही वेगळं दिलेलं नाही. त्याचे गुडघे चांगले असावेत.

हे बारा तास आता घड्याळावर मांडून बघा. जूनअखेरीस आठ वाजून गेले तरी उजेड असतो. ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाला सूर्य मावळतो, आणि व्हॅलीच्या भिंती एवढ्या उंच की खाली सावली त्याच्याही आधी पसरते. म्हणून माझा दुसरा प्रश्न महिन्याचा.

मे-जूनमध्ये येणार असाल तर धबधब्यांकडे जा, दुसरा विचार करू नका. बर्फ वितळत असतं, मर्सेड नदी फुगलेली असते. योसेमिटी फॉल्सचे तिन्ही टप्पे मिळून २,४२५ फूट; हाच धबधबा ऑगस्ट संपेपर्यंत बऱ्याच वर्षी आटून नुसता ओला डाग उरतो. ऑगस्टात आलेले पाहुणे त्या डागाकडे बघून माझ्याकडे बघतात. त्याच्या माथ्यापर्यंत जाणारी वाट जाऊन-येऊन ७.२ मैल, चढ २,७०० फूट. आकड्यांवर मध्यम वाटते, पण ती दक्षिणेला तोंड करून आहे. अकरानंतर तिथे तवा तापतो आणि पहिल्याच मैलात हजार फुटांची वळणं आहेत. सहाला सुरू करणार असाल तरच.

पहिल्यांदा येणाऱ्याला मी मिस्ट ट्रेलने नेवाडा फॉलपर्यंत जायला सांगतो. व्हॅलीतल्या हॅपी आइल्सपासून सुरुवात. आधी लाकडी पूल, तिथे नळाचं प्यायचं पाणी, शेवटचं. पुढे व्हर्नल फॉलच्या कडेने ग्रॅनाइटच्या सहाशेहून अधिक पायऱ्या. या पायऱ्या गडाच्या पायऱ्यांसारख्याच, एक गुडघाभर उंच तर दुसरी वीतभर, पण जूनमध्ये त्यांच्यावर ३१७ फुटांवरून कोसळणाऱ्या पाण्याचे तुषार सतत पडत असतात. दगड काळे, चकचकीत. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच अरुंद जिन्यात, प्रत्येक जण रेनकोटात, चष्मेवाले आंधळे. सकाळी आठला इंद्रधनुष्य बघत चढायला ही जगातली उत्तम जागा आहे. दुपारी तीनला, पाय थरथरत असताना, समोरून गर्दी येत असताना, याच पायऱ्या उतरायला मी कुणालाही सांगणार नाही.

नेवाडा फॉलच्या माथ्यावर पोचलात की निर्णय तिथेच घ्यायचा. आल्या वाटेने परत, की पूल ओलांडून पलीकडच्या जॉन म्युअर ट्रेलने? दुसरी वाट मैलभर लांब पडते. गटातला एक तरुण हमखास म्हणतो, "कशाला उगाच लांबून? याच वाटेने सरळ उतरू." त्याला सांगा, पुढे जाऊन पार्किंगला आइस्क्रीम खात बस. जॉन म्युअरची वाट हलक्या उताराने, लांबलचक वळणं घेत येते आणि मागे वळलात की नेवाडा फॉल, लिबर्टी कॅपचा सुळका आणि हाफ डोमची पाठ एका चौकटीत दिसतात. आणि एक गोष्ट तरुणाला जायच्या आधी सांगा: व्हर्नलच्या माथ्यावर कठड्याच्या वरच्या बाजूला पाणी अगदी संथ, पाय सोडून बसावं असं दिसतं. तिथून माणसं वाहून गेली आहेत. कठडा उगाच नाही.

जुलैचा मध्य ते सप्टेंबर असेल, सगळे धडधाकट असतील आणि खरंच "भरपूर" चालायचं असेल, तर माझं उत्तर एकच, क्लाउड्स रेस्ट. उंची ९,९२६ फूट, म्हणजे हाफ डोमपेक्षा हजारभर फुटांनी उंच. हाफ डोमसारखं परमिट लागत नाही, त्याची लॉटरी नाही, आणि हाफ डोमवर उभं राहून हाफ डोम दिसत नाही हा साधा मुद्दा लोक विसरतात. इथून तो पायाखाली, बाजूने कापलेल्या पावासारखा दिसतो.

टायोगा रोडवर टेनाया लेकच्या टोकाला गाडी लावायची. हा रस्ता साधारण नोव्हेंबरपासून मेअखेर किंवा जूनपर्यंत बर्फाने बंद असतो, म्हणून महिना महत्त्वाचा. पार्किंग लहान आहे, सातच्या आत पोचा. जाऊन-येऊन १४ मैल, पण तुम्ही सुरुवातच आठ हजार फुटांवरून करता. बे एरियातल्या, समुद्रसपाटीवरच्या सनीवेलमधून पहाटे निघून थेट इथे चालायला लागलात तर डोकं धरतं. आदली रात्र वर कुठेतरी काढता आली तर उत्तम. सुरुवातीलाच ओढा लागतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बूट काढून ओलांडावा लागू शकतो आणि डासांचे थवे वाटच बघत असतात. मग जंगलातून मैलभर सपाट, आणि अचानक दगडी वळणांचा चांगला हजार फुटांचा चढ. तो संपला की वाट चक्क खाली उतरू लागते. हाच तो उतार, जो नकाशावर कुणी बघत नाही. परत येताना हा चढून यायचाय, थकल्यावर. आणि सकाळी चढलेली ती दगडी वळणं दिवसाच्या अगदी शेवटी उतरायची आहेत. म्हणजे ही वाटही गुडघ्यांवर फार मेहरबान नाही. पण एकूण उतार हाफ डोमच्या निम्म्याच्या आसपास आहे आणि बाकी सगळा सौम्य.

शेवटचा टप्पा धारेचा. काही ठिकाणी ती चारपाच पावलं रुंद राहते. ग्रॅनाइटच्या लाद्या एकावर एक रचल्यासारख्या, उजव्या हाताला टेनाया कॅन्यनमध्ये हजारो फूट घसरत गेलेला उघडा कातळ. राजगडाच्या संजीवनी माचीवर ज्याचे पाय लटपटत नाहीत त्याला इथे काही होणार नाही. ज्याला उंचीची भीती आहे त्याने धार सुरू होते तिथेच बसावं, दृश्य नव्वद टक्के तेच आहे. मात्र दुपारी एकच्या आत तिथून निघायचं. जुलै-ऑगस्टात इथल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या मुख्य रांगेवर दुपारी ढग चढतात आणि वीज उघड्या कातळावर पडते. १९८५ च्या जुलैत हाफ डोमच्या माथ्यावर वीज पडून दोघे गेले. सकाळचं आभाळ निरभ्र असणं हा काही पुरावा नव्हे.

आता हाफ डोम. तुम्ही ऐकणार नाही हे माहीत आहे. शेवटच्या ४०० फुटांवर दोन पोलादी केबल लावलेल्या आहेत, पहिल्यांदा १९१९ मध्ये लावल्या गेल्या. मधे ठरावीक अंतरावर लोखंडी खांब आणि पाय टेकायला लाकडी फळ्या. दोन्ही हातांनी केबल ओढत जायचं. हातमोजे हवेत, रबरी पकड असलेले. केबल साधारण मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उभ्या असतात. गर्दीमुळे २०१० मध्ये शुक्रवार ते रविवार आणि सरकारी सुट्ट्यांसाठी, आणि पुढच्या वर्षापासून रोजच परमिट सुरू झालं. दिवसाला ३०० माणसं, त्यातली २२५ च्या आसपास एका दिवसात जाऊन येणारी. मोठी लॉटरी मार्चमध्ये, शिवाय रोजची छोटी लॉटरी दोन दिवस आधी. लागली तर जरूर जा. पण पहाटे पाचला हॅपी आइल्स सोडा, माणशी चार लिटर पाणी घ्या किंवा नदीचं गाळून घ्यायला फिल्टर ठेवा, आणि येताना जॉन म्युअरने या. केबलखाली रांग मोठी असेल किंवा ढग दिसत असतील तर तिथून परत फिरायला लाज वाटून घेऊ नका. केबलवर उतारही त्याच दोन दोरांमधून आहे, आणि समोरून अर्धं जग वर येत असतं.

डब्याचं विचाराल तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिक्की. खारट काहीतरी हवंच. नुसत्या एनर्जी बारवर दुपारी डोकं दुखतं. गाडीत खायचा एक कणही ठेवू नका, लोणच्याची बरणीसुद्धा. इथली काळी अस्वलं गाडीचं दार फोडतात. पार्किंगजवळ लोखंडी पेट्या असतात, सगळं त्यात.

राहिले आईबाबा. त्यांना खाली हॉटेलात बसवून आपण बारा तास गायब होणं मला पटत नाही. रस्ते उघडे असतील तर असं करा: तरुण मंडळी सकाळी फोर माइल ट्रेलने चढतील. नाव फोर माइल, अंतर ४.८ मैल, चढ ३,२०० फूट. भिंत उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सावली मिळते. आईबाबा गाडीने ग्लेशियर पॉइंटला. ७,२१४ फुटांवर, समोर हाफ डोम, खाली सगळी व्हॅली. दुपारी बारा वाजता दुकानापाशी भेटायचं, फोनच्या भरवशावर न राहता. डबा सगळ्यांनी मिळून खायचा. ज्यांच्या पायात अजून जोर आहे त्यांनी पुढे पॅनोरमा ट्रेलने साडेआठ मैल चालत व्हॅलीत यावं. इलिलुएट फॉलनंतर त्यात साताठशे फुटांचा चढ दडलेला आहे, एवढं सांगून ठेवतो. बाकीच्यांनी गाडीत बसून खाली यावं, गुडघ्यांचा प्रश्नच मिटला. फक्त गाडी चालवायला एक जण आईबाबांबरोबर हवा, आणि त्याचा चढ बुडणार. तो कोण, हे आदल्या रात्रीच ठरवून घ्या. सकाळी कुणीच तयार होत नाही.