बँजोची आखूड तार

गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो वेगळा, तो चाव्या दाबून वाजवायचा, बुलबुल तरंगाच्या घरातला. इथे विषय आहे अमेरिकेतल्या पाच तारांच्या बँजोचा. डोंगरातल्या गोऱ्यांचं अस्सल अमेरिकी वाद्य अशी त्याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची आहे आणि पुरावा वाद्याच्या अंगावरच आहे.

पाचवी तार बघा. बाकी चौघींच्या खुंट्या दांडीच्या टोकाला, हिची दांडीच्या कडेला, पाचव्या पडद्यापाशी. तार सगळ्यात आखूड, स्वर सगळ्यात उंच, पण जागा अंगठ्याजवळ, जिथे एरवी खर्जाची तार असते. जुन्या पद्धतीत नखाच्या पाठीने वरून खाली ठोका द्यायचा आणि लगेच अंगठ्याने ही तार छेडायची. सतारीच्या चिकारीसारखा एकच स्वर मधूनमधून वाजत राहतो. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांच्या अकोन्टिंगवर आजही हाच ठोका चालतो. भोपळ्यावर ताणलेलं कातडं, तीन तारा, त्यांतली एक आखूड.

ही तार व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने बसवली, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. स्वीनीचा जन्म १८१० च्या सुमाराचा. साउथ कॅरोलिनातल्या जॉन रोझचं जलरंगातलं चित्र त्याच्या वीसेक वर्षं आधीचं. त्यात गुलामगिरीतला एक माणूस भोपळ्याचा बँजो वाजवतोय. तारा चार, त्यांतली एक आखूडच. नंतर भर पडली ती खर्जाच्या तारेची.

खिळ्यांनी ठोकलेलं कातडं दमट हवेत सैल पडतं, आवाज बसतो, मग शेकावं लागतं. म्हणून लाकडी कडं आणि ताणायचे स्क्रू आले. सोय झाली खरी, पण भोपळा गेला आणि वाद्याचं आफ्रिकी रूप नजरेआड झालं. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स हे गोरे वादक तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून उभे राहिले. कृष्णवर्णीयांच्या या टवाळीतूनच बँजो गोऱ्यांच्या घरांत पोचला.

सगळ्यात मोठं नुकसान रेकॉर्ड कंपन्यांनी केलं. १९२० च्या दशकात कोलंबियाने कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांना १४०००-डी पासून क्रमांक दिले, गोऱ्यांच्या ग्रामीण संगीताला १५०००-डी पासून. कृष्णवर्णीयांकडून ब्लूज हवं होतं. त्यांचे फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजोचे ताफे दोन्ही खणांत बसेनात, म्हणून फार थोडे ध्वनिमुद्रित झाले. पुढे त्या तबकड्यांवरूनच इतिहास लिहिला गेला.

पण वादन थांबलं नव्हतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या मीबेनजवळ जो थॉम्प्सन हे कृष्णवर्णीय फिडलवादक ऐंशी ओलांडल्यावरही घरच्या चाली वाजवत होते. २००५ पासून तिघे तरुण कृष्णवर्णीय वादक त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा ताफा त्यांचाच.